ओळखीचं माणूस मोजायचं नाही

“आकडे खोटं बोलत नाहीत!” असं वाहतूकतज्ज्ञांनी ठणकावून सांगितलं आणि पुराव्यादाखल टेबलावर मूठ आपटली. त्यासरशी शेजारचा ग्लास आडवा झाला आणि पाणी सगळं आकड्यांवर गेलं. शिपायाने धावत येऊन फडकं फिरवलं. त्यात तीन रकाने पुसले गेले, पण कुणाचं काही अडलं नाही. तसेही ते कुणी वाचलेले नव्हते.

ही जाहीर सुनावणी होती. मोठ्या चौकातला पादचाऱ्यांचा सिग्नल आणि त्याच्या पुढ्यातले पांढरे पट्टे काढून टाकायचे, दुभाजकावर छातीएवढा कठडा घालायचा आणि गाड्यांना न थांबता जाऊ द्यायचं, असा प्रस्ताव होता. त्याने दर गाडीमागे अडतीस सेकंद वाचणार होते. ज्यांना चालतच पलीकडे जायची हौस असेल त्यांच्यासाठी चारशे मीटरवर चौसष्ट पायऱ्यांचा पूल होता. लिफ्टचीही सोय होती. म्हणजे नकाशात तिच्यासाठी जागा सोडलेली होती. नियम साधा होता. सकाळच्या चार तासांत पाचशेच्या वर माणसं रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल राहणार, नसतील तर जाणार. तेव्हा भांडण मतांचं नव्हतंच. एका आकड्याचं होतं, आणि तो आकडा होता शहाऐंशी.

हा आकडा ज्यांनी काढला ते तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. हुद्दा ‘वाहतूक प्रगणक’. एकोणतीस वर्षं ते त्याच चौकात, त्याच कोपऱ्यावर, घडीच्या स्टुलावर सकाळी आठ ते बारा बसून येणारं-जाणारं मोजत होते. गाड्यांसाठी उजव्या हाताने कागदावर रेघा. चालणाऱ्या माणसांसाठी डाव्या मुठीत एक छोटं मोजणीयंत्र. त्याचा खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकायचा. त्या खटक्यावरून ऑफिसात त्यांचं नाव खटकेराव पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथे ते सुखात होतं.

महिन्याभराने ते निवृत्त होणार होते. “सुनावणीला या. तुमचा उल्लेख होणार आहे,” असं साहेबांनी सांगितलं, म्हणून खटकेराव घरून शर्टाला इस्त्री करून आले होते. पाठीवर एक चुणी राहिली होती. पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही, आणि घरात बघायला दुसरं कुणी नव्हतं.

“एकोणतीस वर्षं!” तज्ज्ञ पुसलेल्या कागदावरून मान वर करून म्हणाले. वय बेताचं, दाढी राखलेली, आवाज मात्र आजोबांचा. “एक दिवस खाडा नाही. एक खाडाखोड नाही. अशी सलग नोंद माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही. हे गृहस्थ आज इथे बसले आहेत. यांच्या नोंदींना मी सुवर्णमान मानतो.”

टाळ्या झाल्या. माणसं वळून बघू लागली. खटकेराव नमस्कारासाठी उठायला लागले. पण उठून होईपर्यंत माणसं परत पुढे वळली होती. तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीला नमस्कार केला आणि ते खाली बसले.

“आता कुणी विचारेल, चौकात गेल्या वर्षी कॅमेरा बसवला त्याचं काय?” तज्ज्ञ पुढे म्हणाले. “अत्याधुनिक कॅमेरा. माणूस दिसला की आपोआप मोजतो. पहिल्याच सकाळी त्याने सांगितलं, बाराशे चार.”

सभागृहात हसू फुटलं.

“बरोबर आहे, आम्हीही हसलो. एकीकडे एकोणतीस वर्षांची नोंद सांगतेय शहाऐंशी, आणि हे कालचं यंत्र बाराशे सांगतंय! कंपनीला विचारलं. ती म्हणाली, बहुधा सावल्याही मोजत असेल. मग आम्ही यंत्राला सुधारणा शिकवली. आता ते जितकं मोजतं त्याला चौदाने भागतं. आकडा अगदी तंतोतंत जुळतो.”

अशा रीतीने यंत्राला शिस्त लागली होती.

मग पडद्यावर आलेख आला. वर ‘पादचाऱ्याचा अस्त’ असं शीर्षक आणि खाली एक लाल रेघ. डावीकडे वर अकराशे बारापासून निघून ती उजवीकडे खाली शहाऐंशीवर येऊन टेकत होती. या रेघेवर आजवर दोघांनी डॉक्टरेट मिळवली होती. एकाने सिद्ध केलं होतं की माणसं टीव्हीमुळे चालायची थांबली. दुसऱ्याने त्याला खोडून काढून ते पादत्राणांच्या दर्जामुळे असल्याचं दाखवलं होतं. तिसरा विषयाच्या शोधात होता.

खटकेरावांनी ही रेघ आज पहिल्यांदा पाहिली. त्यांचं काम आकडे देण्याचं. रेघा वरच्या मजल्यावर ओढल्या जात. आपलं अक्षर छापून आलेलं पाहावं तसं त्यांना आधी बरं वाटलं. ते मान किंचित तिरकी करून कौतुकाने पाहत राहिले. मग त्यांची नजर सुरुवातीपाशी गेली. तिसऱ्या वर्षापाशी रेघ अगदी केसभर खाली आली होती. एवढीशीच. आणि खटकेरावांची तिरकी मान सरळ झाली.

नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या प्रगणकांनी त्यांना चौकात उभं करून एकच गोष्ट शिकवली होती. “हे बघ, खटका दाबायला माकडही शिकेल. पण एक लक्षात ठेव. ओळखीचं माणूस मोजायचं नाही. आज बायको मोजशील, उद्या मेहुणा आणशील.” यामागे इतिहास होता. पूर्वीच्या एका प्रगणकाने आपल्या दारात बसथांबा यावा म्हणून सासुरवाडीची सोळा माणसं आणून दिवसभर रस्त्यावर फिरवली होती. थांबा मंजूर झाला. सासुरवाडीची माणसं दमून पुन्हा कधी आली नाहीत. त्याचा दुहेरी फायदा झाला, पण खात्याची बदनामी झाली.

खटकेराव या गावात नवे होते. ओळख कुणाशीच नव्हती, त्यामुळे पहिली दोन वर्षं दिसेल तो मोजला. तिसऱ्या वर्षी लग्न झालं आणि बायको रोज अकरा वाजता रस्ता ओलांडून डबा घेऊन येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने डबा ठेवला, मुठीतल्या यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “मला नाही मोजलंत?”

“तू ओळखीची,” ते म्हणाले.

त्यात त्यांनी फक्त खात्याचा नियम सांगितला होता. पण नवरा असं काही बोलेल याची तिला आशाच नव्हती. ती पलीकडे पोहोचेपर्यंत हसत होती.

मग हळूहळू बाकीची माणसं आली. रोज सकाळी जो माणूस समोरून जातो, ज्याचा सदरा विटताना, केस पिकताना, चाल मंदावताना आपण बघतो, त्याला अनोळखी कसं म्हणायचं? आधी चष्मेवाले मास्तर. मग लंगडणाऱ्या नर्सबाई. मग घाईवाला, जो एकोणतीस वर्षांत एकदाही वेळेवर नव्हता. मग त्या दोघी बहिणी, ज्या रस्त्याच्या मध्यापर्यंत भांडायच्या आणि तिथून पुढे गप्प व्हायच्या. आणि दोन पिशव्यावाली बाई. खटकेरावांच्या सचोटीला हे पटेना की या माणसांवर खटका दाबावा. दर वर्षी तीस-चाळीस माणसं अशी त्यांच्या मुठीतून सुटत गेली आणि डोक्यात जाऊन राहिली.

नऊ वर्षांपूर्वी बायको गेली. त्या वर्षी आकड्यात काही फरक पडला नाही. ती त्यात कधी नव्हतीच.

मुलगी दूरच्या शहरात. रविवारी फोन यायचा, सात-आठ मिनिटांचा. त्यात तीन मिनिटं ‘जेवलात का’ला जायची. एरवी दुपारी बाराला स्टूल मिटलं की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत त्यांच्याशी बोलायला भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि तेही मागे पडायचं. त्यांचा सगळा गोतावळा म्हणजे सकाळचे ते चार तास. आता कठडा लागणार म्हणजे तो सगळा गोतावळा चारशे मीटर लांबून, चौसष्ट पायऱ्या चढून जाणार. आणि हे सगळं त्यांच्याच हातून. पडद्यावरची रेघ चालणारी माणसं कमी झाल्याची नव्हतीच. खटकेरावांची माणसं वाढत गेल्याची होती, उलटी टांगलेली.

ते उठले.

“बसा हो,” शेजारून साहेब कुजबुजले. “चहा नंतर आहे.”

“साहेब, आकडा चुकलाय.”

“कुणाचा?”

“माझा.”

“तुमचा कसा चुकेल? आत्ताच सुवर्ण का काय म्हणाले ना ते!”

पण तोवर समितीच्या अध्यक्षबाईंनी पाहिलं होतं. माइक आला. खटकेरावांनी तो दोन्ही हातांनी धरला, जसा गरम पेला धरतात.

“बोला काका. थोडक्यात.”

“बाई, ते शहाऐंशी नाहीत. हजाराच्या वर आहेत. कॅमेऱ्याचं बरोबर आहे, त्याला उगाच भागलंय. मी... ओळखीची माणसं मोजली नाहीत.”

तज्ज्ञांनी चष्मा काढला. “म्हणजे तुमच्या ओळखीचे हजार-अकराशे लोक आहेत?”

“रोजचे,” खटकेराव म्हणाले.

“काका, निवडणुकीला उभे राहा!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा झाला.

तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. त्यांची एकोणतीस वर्षांची रेघ पणाला लागली होती. “ठीक आहे. एकाचं नाव सांगा.”

खटकेरावांनी विचार केला. “नाव... नाव नाही माहीत.”

“पत्ता?”

“पलीकडे.”

“पलीकडे म्हणजे कुठे?”

“सकाळी पलीकडे. संध्याकाळी अलीकडे असतील.”

“कधी बोललात त्यांच्याशी?”

“मान हलवतात.”

“सगळे?”

“काही जण. बाकीचे हलवत नाहीत, पण न हलवल्याचं त्यांना वाईट वाटतं असं दिसतं.”

“मॅडम,” तज्ज्ञ अध्यक्षबाईंकडे वळले, “याला ओळख म्हणायची असेल तर माझी रस्त्यावरच्या खांबांशी जास्त ओळख आहे.”

इथून पुढे पाऊण तास समितीने ओळख म्हणजे काय यावर चर्चा केली. कुणी म्हणालं, चेहरा लक्षात राहिला की ओळख. कुणी म्हणालं, मग गुन्हेगारांशी पोलिसांची ओळखच म्हणायची. कायद्याच्या सल्लागारांनी तीन वेळा मसुदा केला. शेवटी कारकुनाने वाचून दाखवलं: “ओळखीची व्यक्ती म्हणजे जिचे नाव प्रगणकास ठाऊक आहे अशी व्यक्ती. अशीच व्यक्ती मोजणीतून वगळावी.” ठराव एकमताने मंजूर झाला. एवढं एकमत त्या सभागृहाने कठड्याच्या उंचीवरसुद्धा पाहिलं नव्हतं.

खटकेराव अजून माइक धरून उभेच होते. “म्हणजे बाई, या सगळ्यांना मोजायला हवं होतं?”

“अर्थात.”

“पहिल्यापासून?”

“हो काका.”

“माझ्या बायकोला पण?”

अध्यक्षबाईंनी ठराव पुन्हा एकदा पाहिला. “त्यांचं नाव ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“हो, म्हणजे... होतंच की.”

“मग त्यांना नाही.”

“बरं,” खटकेराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एवढा उतरला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी उगाच डोळ्यांना पदर लावला.

“नोंदीसाठी विचारतो,” कारकून म्हणाला. “या व्याख्येप्रमाणे त्या चौकात सध्या तुमच्या ओळखीचे किती? पत्नी अजून रस्ता ओलांडतात का?”

“नाही.”

“दुसरं कुणी, ज्याचं नाव माहीत आहे?”

खटकेरावांनी एकेकाला आठवून पाहिलं. मास्तर. नर्सबाई. घाईवाला. भांडणाऱ्या दोघी. पिशव्या. कारकुनाचं पेन थांबलं होतं, आणि तो सभ्य माणूस होता म्हणून थांबूनच राहिला.

“शून्य लिहा,” खटकेराव म्हणाले.

फेरमोजणी ठरली, येत्या मंगळवारची. माणसाचा यंत्रावर भरवसा उरला नव्हता आणि यंत्राला माणसाने आधीच बिघडवलं होतं. म्हणून दोघांनी एकाच वेळी मोजायचं, कुणाला कशानेही भागायचं नाही आणि नाव ठाऊक नसलेला एकही माणूस सोडायचा नाही. तज्ज्ञांचा चेहरा पार उतरला होता. पण विज्ञानाचं एक बरं असतं. चूक सापडली की तिला नाव देता येतं. चहा येईपर्यंत त्यांनी तिला ‘परिचय-त्रुटी’ असं नाव दिलं होतं, आणि तिसऱ्या संशोधकाची विषयाची चिंता मिटली होती.

जिन्यात साहेबांनी गाठलं. “एक महिना गप्प बसला असतात तर आभाळ कोसळणार होतं का? त्या प्रत्येक तक्त्याखाली माझी सही आहे.”

“पंधरा दिवसांत कठडा लागणार होता, साहेब.”

“लागला असता तर लागला असता. तुम्हाला कुठे पलीकडे जायचं असतं? तुम्ही तर बसूनच असता.”

खटकेराव एक पायरी उतरले.

“मंगळवारची मोजणी झाली की स्टूल जमा करा,” साहेब जरा नरमून म्हणाले. “बुधवारपासून चौकात कॅमेरा एकटा. तुम्ही ऑफिसात बसा, महिना काढा. पंख्याखाली जागा देतो.”

मंगळवारी आठ वाजता खटकेरावांनी स्टूल मांडलं आणि यंत्र शून्यावर आणलं. पहिले आले चष्मेवाले मास्तर. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. खटकेरावांनी मान हलवली आणि अंगठा यंत्रावर नेला. अंगठा दबेना. मास्तर रस्त्याच्या मध्यावर पोहोचले तेव्हा कुठे खटका वाजला, आणि रामराम करता करता एखाद्याचा खिसा कापावा तसं खटकेरावांना वाटलं.

नर्सबाई गेल्या. खटका. दोघी बहिणी भांडत आल्या, गप्प झाल्या. दोन खटके. घाईवाला पळत गेला, काहीतरी विसरला म्हणून परत आला आणि पुन्हा पळत गेला. तीन खटके, नियमच तसा होता. माणूस एकेक करून डोक्यातून उठत होता आणि आकड्यात जाऊन बसत होता. वर खांबावर कॅमेराही मोजत होता. त्याला काहीच वाटत नव्हतं, हे खटकेरावांना आज पहिल्यांदा हेवा करण्यासारखं वाटलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी यंत्राने पाचशेचा आकडा ओलांडला. सिग्नल वाचला. कुणी टाळी वाजवली नाही. दिवा हिरवा झाला, माणसं निघाली, दिवा लाल झाला, माणसं थांबली. खटकेराव दाबत राहिले.

अकराच्या सुमाराला दोन पिशव्यावाली बाई आली. पन्नाशीची, कपाळापाशी एक रुपेरी बट. ती मध्यावर आली, पिशव्यांची अदलाबदल केली आणि पुढे चालू लागली. खटका वाजला. एवढ्या गोंगाटात तो तिला ऐकू येण्याचं कारण नव्हतं. पण अलीकडे आल्यावर ती बसथांब्याकडे न वळता सरळ स्टुलाकडे आली.

“अहो, तुम्हीच ना ते? सभेत उठून बोललात ते?”

“हो,” खटकेराव म्हणाले. ते एका हॉर्नमध्ये बुडालं, म्हणून ते पुन्हा “हो” म्हणाले.

“माझी शेजारीण होती तिथे. म्हणाली, एक काका आहेत, अख्ख्या रस्त्याला ओळखतात म्हणे, आणि नाव एकाचं ठाऊक नाही!” ती हसली. “मला ओळखता?”

“दोन पिशव्या,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“काय?”

“म्हणजे... एक जड असते, एक हलकी. मध्यावर हात बदलता. एकोणीस वर्षं झाली. मागच्या थंडीत आठ दिवस आला नव्हतात. मंगळवार ते मंगळवार.”

तिचं हसू ओसरलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या, आधी जड, मग हलकी.

“पडले होते हो न्हाणीघरात,” ती म्हणाली. “पाय धरून बसले होते आठ दिवस. घरात दुसरं कुणी नाही. मला वाटलं, कुणाला कळलंसुद्धा नसेल.”

“कळलं होतं,” खटकेराव म्हणाले. “पण विचारणार कुणाला?”

तिने सिग्नलकडे पाहिलं. तो बावीसपासून उलटे अंक मोजत होता. चार माणसं ओलांडून गेली. खटकेरावांनी न बघता चार खटके दाबले.

“मग? मला मोजलंत आत्ता?”

“हो.”

“आणि नाव कळलं तर?”

“तर कमी करावं लागेल. ठरावच आहे तसा.”

“मग करा की कमी!” ती म्हणाली, आणि पदर सारखा करून, शाळेत उभं राहून सांगतात तशी ताठ उभी राहिली. “एकीने काय बिघडणार आहे तुमचं? माझं नाव—”

खटकेराव स्टुलावरून झटकन उठले. यंत्र धरलेला हात त्यांनी उंच केला, भरधाव गाडी थांबवावी तसा.

“आज नको बाई,” ते म्हणाले. “बारापर्यंत मोजणी आहे. उद्या स्टूल नसेल, पण मी असेन इथे. तेव्हा सांगाल का?”